भरलेला खण

२००५ च्या जूनमध्ये मासेमारी बंद होती आणि फारुक तांडेलांचा ट्रॉलर मिरकरवाडा बंदरात रिकामा उभा होता. उपग्रह बनवणाऱ्या केंद्रात इंजिनिअर असलेली त्यांची मुलगी नबीला बंगळूरहून रजेवर आली आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॉलरच्या मासळीच्या खणात उतरली. खणाला आतून सगळीकडे स्टीलचा पत्रा. उपग्रहाच्या पोटासारखी बंद पेटी तिला हवी होती, आणि प्रयोगशाळेतली दोन महिने मोकळी नव्हती.

उपग्रहात ठिकठिकाणचं तापमान कळवायला नुसत्या तारांचंच वजन अकरा किलो होई. त्याऐवजी काडेपेटीएवढे बिनतारी प्रक्षेपक लावावेत, हा तिचा प्रस्ताव. साहेबांनी बजावलं होतं, "हजारात एकाहून जास्त संदेश हरवले, तर तारा राहतील. सोमवारी आकडे द्या."

तिने खण घासूनपुसून आत सात प्रक्षेपक आणि त्यांचे संदेश टिपणारं यंत्र लावलं, झाकण घातलं. तासाभराने पाहिलं, तर पाचव्याचे हजारात चारशे संदेश हरवलेले. पत्र्यावर आपटून परतलेल्या लहरी एकमेकींना मारत होत्या. तो चार बोटं सरकवला, तर भलताच एक गप्प झाला.

"एक थप्पड दे त्याला. माझा वायरलेस तसाच बोलतो," फारुक वरून म्हणाले.

"अब्बा, गप ऱ्हावा."

"नि रिकामी होडी कोण तपासतो गो? नवी होडी आम्ही बर्फ, जाळी, माणसं भरून बाहेर काढतो, मग बरीवाईट ठरवतो."

नबीला घासलेल्या पत्र्याकडे बघत राहिली. उपग्रहात तर यंत्रं खच्चून भरलेली असतात. दोघांनी ओली जाळी नि क्रेट आत कोंबले. लहरी त्यांत जिरल्या. सातही प्रक्षेपक मिळून दहा हजारांत दोन संदेश हरवले.

रविवारी ती आकडे लिहायला बसली.

"रिकाम्या खणाचे कशाला धाडतेस? तुझंच काम बुडेल," फारुक म्हणाले.

"बांधताना उपग्रह अर्धा रिकामाच असतो, अब्बा. तेव्हाही तपासावा लागतो."

दोन्ही तक्ते गेले. ओली जाळी म्हणजे यंत्रं नव्हेत, हेही तिने खाली लिहिलं.

सोमवारी दुपारी साहेबांचा फोन आला. तिने रिसीव्हर ठेवला.

"तारा राहणार. सात प्रक्षेपकही त्यांच्यासोबत उपग्रहात जातील, फक्त तपासायला."

"म्हणजे वजन कमी व्हायचं ते वाढलंच की!"

"दोनशे ग्रॅम," नबीला म्हणाली, आणि खणातून जाळी काढायला निघाली.