कॉलरमागचं नाव

आमचं आडनाव फोनवर सांगायचं म्हणजे परीक्षाच. दोनदा अक्षरं फोडून सांगितली की समोरचा "बरं, बरं" म्हणतो आणि भलतंच लिहून घेतो. त्यात मला मुलगा नाही, चुलतभाऊ नाहीत. एकुलती एक मुलगी, तिचंही लग्न ठरलेलं. म्हणजे हे आडनाव माझ्याबरोबर संपणार, या विचाराने मला जेवण गोड लागेना. लग्नानंतरही तू आपलंच आडनाव लाव, असं मी तिला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, त्यात एवढं काय आहे ते आधी सांगा.

झालं. निवृत्त माणसाला काम मिळालं आणि घरच्यांची झोप उडाली.

पुरावा एकच, पण भक्कम होता. पणजोबांचा लोकरी कोट. कॉलरच्या आत रेशमी पट्टी, तिच्यावर सोनेरी धाग्याने विणलेलं आमचं आडनाव. कपड्यावर स्वतःचं नाव विणून घेणारा माणूस काय ऐरागैरा असेल? शिवाय कोट असा ऐसपैस की त्यात मी आणि बायको दोघं मावू. तेव्हा पणजोबा सहा फुटी आणि बहुधा सेनापती, असा निष्कर्ष मी काढला. त्यांच्यासाठी एक लढाईसुद्धा पक्की केली. बायको म्हणाली, जिंकले की हरले तेवढं ठरवा आणि आंघोळीला जा.

शिक्कामोर्तब करून घ्यायला मुलीला घेऊन आत्याकडे गेलो. आत्या वडिलांची थोरली बहीण, नव्वदीची. दात नाहीत, पण बोलणं चावरं. कोट तिच्या मांडीवर ठेवून मी सेनापतींची कथा लावली. तिने ती शांतपणे ऐकली आणि कॉलर उलटी केली.

"अरे, ही शिंप्याच्या दुकानाची पट्टी. गावातल्या निम्म्या कोटांत आपलं आडनाव होतं."

ते आडनाव त्या शिंप्याचं. त्याला एकच मुलगी, म्हणजे माझी पणजी. बाप गेल्यावर कात्री तिने हातात घेतली आणि त्याच्याच नावाच्या पट्ट्या लावत राहिली. पणजोबा तिथे काजं-बटणं करायला आले आणि नवरा होऊन राहिले. गिऱ्हाइकं त्यांना दुकानाच्याच नावाने हाक मारत, पुढे मुलांनाही तेच लागलं. उंची म्हणाल, तर मशीनला पाय पुरत नसत. कोट कुणा गिऱ्हाइकाचा, तो न्यायला आलाच नाही.

पणजोबांचं स्वतःचं आडनाव काय होतं, असं मी पडलेल्या आवाजात विचारलं. ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

परतताना गाडी मुलगी चालवत होती. आधी तिने हसून घेतलं. शेवटी मीच म्हणालो, तू तुला हवं ते आडनाव लाव, माझं म्हणणं मी मागे घेतलं.

"मी आपलंच लावणार आहे, बाबा."

"आता कशाला? सेनापती तर गेला."

"त्याचं मला काय करायचं होतं? तिचं आहे म्हणून लावते. तुमचं म्हणून नाही हं."

खिडकीबाहेर बघत मी डोळे पुसले.

"नाव काय हो पणजीचं?" तिने विचारलं.

सेनापतीच्या घोड्याचंसुद्धा नाव मी ठरवून ठेवलं होतं. पणजीचं मला ठाऊक नव्हतं.

तिने पुढच्या चौकातून गाडी परत आत्याच्या घराकडे वळवली.