नऊ अंशांचं कपाट

इमारतीला बाहेरून थर्माकोलचं जाड अस्तर चढवायला माणसं आली, तेव्हा मोराव्हियातल्या प्रोस्त्येयोव गावच्या त्या वसाहतीतल्या बाकीच्या बायकांनी धुळीच्या भीतीने खिडक्या लावून घेतल्या. इवेताने मात्र उघडली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकून पाहिलं. खाली लाद्यांची चळत होती, आणि तिच्या शेजारी कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग. चौदा सेंटिमीटर जाड! ती एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात नवऱ्याचा बूट घालून जिना उतरली.

"हे तुकडे टाकणार का हो?"

"टाकणारच," कामगार म्हणाला. "का, नाताळचा देखावा करायचाय?"

"बिअर करायचीय."

त्या माणसाचा चेहराच बदलला. "मग असे मोडके कशाला घेता बाई? थांबा, चांगले निवडून देतो."

इवेता एका शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाकीण होती. चारशे पोरांचं सूप ती डोळे मिटून करायची. पण गेली तीन वर्षं बिअरने तिला नाकीनऊ आणलं होतं. कृतीत काही खोट नव्हती. खोट होती ती घरात. त्यांच्याकडची खरी बिअर आंबते थंडीत, नऊ अंशांवर, आणि मग आठवडेच्या आठवडे त्याहून गार जागी पडून राहते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नऊ अंश कुठून आणणार? तळघरात त्यांच्या वाट्याला आलेल्या फळ्यांच्या खोलीत जावं, तर तिथून गरम पाण्याचे नळ गेलेले. उबेत आंबल्यामुळे तिच्या तिन्ही बिअरांना पिकल्या केळ्यांचा वास आला होता.

तो वास आधी ओळखला सासऱ्याने. पेला नाकाशी नेला, "केळी," एवढंच म्हणाला, पेला जागेवर ठेवला आणि आपला चहाचा कप उचलून खोलीत निघून गेला. चाखलीसुद्धा नाही.

बोहुमीर म्हाताऱ्याने अडतीस वर्षं गावच्या बिअरच्या कारखान्यात मास्तर म्हणून तळघर सांभाळलं होतं. अकरा वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला, त्या दिवशी त्याने रबरी एप्रन खुंटीला लावला आणि त्यानंतर बिअरला ओठ लावला नाही. ज्या गावात बिअर नको म्हटलं की लोक विचारतात, डॉक्टरांनी काय सांगितलं, त्या गावात हा माणूस खानावळीत बसून चहा मागायचा! बायको गेल्यावर तो लेकाकडे राहायला आला. भांडण नाही, तक्रार नाही, पण घरात असून नसल्यासारखा. इवेताला लग्नाआधीचा बोहुमीर आठवत होता. दालिबोरने तिला पहिल्यांदा वडिलांकडे नेलं ते घरी नव्हे, थेट कारखान्याच्या तळघरात. तिथे हा मोठ्या आवाजाचा, लाल कानांचा माणूस टाकीवर थाप मारत म्हणाला होता, "ये पोरी, आधी हिची ओळख करून घे, मग आमची." तो माणूस तिला परत हवा होता. बावीस नोव्हेंबरला त्याची ऐंशी वर्षं भरत होती. त्या दिवशी त्याने तिच्या हातच्या बिअरचा एक पेला प्यावा, यासाठी तिचा सगळा आटापिटा चालला होता.

"कपाट करणार आहे मी," रात्रीच्या जेवणात तिने जाहीर केलं. "नऊ अंशांचं!"

"थर्माकोलमध्ये मासे ठेवतात," म्हातारा ताटातून मान वर न करता म्हणाला. "माझ्या तळघराच्या भिंती दोन मीटर जाड होत्या. दगडाच्या."

"मग दगड आणून देता का?"

"मी बटाटे आणून देतो," तो म्हणाला आणि उठला.

कामाला लागली तशी इवेता घरात कुणाला सुचू देईना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे बायको उतावळी होती आणि नवऱ्याच्या हातात करवत. कुणीतरी दार तुटलेला फ्रिज टाकून दिला होता, तो दोघांनी तळघरात ओढत नेला. त्याच्या उघड्या तोंडापुढे लाकडी सांगाडा उभा केला आणि सांगाड्याला आतून थर्माकोलच्या लाद्या बसवल्या, म्हणजे फ्रिजची थंडी सगळ्या कपाटात खेळेल. आत हवा फिरवायला जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा. वीज समाईक वापरली तर बोंब होईल, म्हणून आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालपर्यंत वायर सोडली. फटी बुजवायला फेसाची बाटली आणली होती. इवेताने ती केकवर क्रीम काढावं तशा सढळ हाताने पिळली. सकाळी जाऊन बघतात तर फेस फुगून दगड झालेला आणि दार सांगाड्याला कायमचं चिकटलेलं!

"आता हे कपाट नाही राहिलं," दालिबोर म्हणाला. "थडगं झालं."

"पाव कापायची सुरी आण. आणि तोंड बंद ठेव."

दुपारपर्यंत दार सुटलं. संध्याकाळी तिने पिंपात नुसतं पाणी भरून ठेवलं, तापमापकाची तार पिंपाच्या पोटाला चिकटवली आणि बाहेर पाटावर बसून आकडे बघत राहिली. अठरा. पंधरा. जेवायला वर गेली नाही. बारा. शेवटी बरोबर नऊ! आणि आकडा तिथेच थांबला. ती दालिबोरच्या गळ्यात अशी पडली की त्याच्या हातातली बॅटरी खाली पडून फुटली.

आवाज ऐकून इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष शेस्ताक आले. कपाटाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "समाईक तळघरात विद्युत उपकरण ठेवायला ठराव लागतो."

"वायर आमच्या घरातली आहे, खोली आमची आहे. ठराव कसला?"

शेस्ताकांनी दार उघडून आत हात घातला. तो हात बराच वेळ बाहेर आला नाही. "किती अंश म्हणालात?"

"नऊ."

"अं... आमच्या हिच्या बटाट्याच्या कोशिंबिरीपुरती जागा होईल का?"

"यात बिअर सोडून काही जाणार नाही!" इवेता कडाडली. "कोशिंबीर नाही, लोणचं नाही, बटाट्याचं सालसुद्धा नाही. बिअर सगळे वास ओढून घेते."

सप्टेंबरच्या मध्यावर तिने बिअर शिजवली. शाळेने मोडीत काढलेलं मोठं पातेलं, मोड आणून वाळवलेल्या जवाचं माल्ट, जातेस गावच्या हॉप्सची कडू फुलं. घरभर असा वास सुटला की वरच्या मजल्यावरची बाई साखर मागायच्या निमित्ताने दोनदा आली. रस गार करून पिंपात ओतला, यीस्ट टाकलं, झाकणाला वाकडी नळी लावली. आतली हवा नळीतल्या द्रवातून बुडबुडे काढत बाहेर पडते आणि बाहेरची आत येत नाही, अशी ती युक्ती. त्या नळीत लोक पाणी घालतात. इवेताने घरची आलुबुखाराची दारू घातली, कारण पाणी घालणारा माणूस मोराव्हियात जन्मलाच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला बुडबुडा आला. बुडूक. इवेताने पळत वर जाऊन दालिबोरला बोलावून आणलं. तिसऱ्या दिवशी बुडबुड्यांची रांगच लागली. अकराव्या दिवशी ते विरळ झाले, तशी ती रोज एकेक अंश खाली आणू लागली. आठ, सात, सहा. दोनवर पोचल्यावर तिने दार लावून घेतलं आणि सहा आठवडे ते उघडायचं नाही अशी शपथच घेतली. आकडा खोलीच्या बाहेरून, फळ्यांच्या फटीतूनच दिसायचा. रोज खाली जाऊन दोन बघायचे, खूश होऊन वर यायचं.

म्हाताऱ्याला याच सुमारास बटाट्यांचं वेड लागलं. बटाट्यांचे खोके तळघरातल्या त्याच खोलीत असायचे; रोज दुपारी किल्ली घेऊन खाली जायचा आणि तास-तासाभराने चार बटाटे घेऊन वर यायचा. घरात आठवड्यातून तीनदा बटाट्याचे गोळे शिजू लागले.

"गुडघे दुखत नाहीत का हो बाबा, इतक्या वेळा जिना उतरून?"

"डॉक्टर म्हणाला, चाला," तो म्हणाला. कुठला डॉक्टर, कधी म्हणाला, कुणी विचारलं नाही.

वाढदिवस शनिवारी होता. गुरुवारी दुपारी इवेता धुतलेलं छोटं पिंप घेऊन बिअर भरायला खाली गेली. दार ओढलं आणि दोन पावलं मागे सरकली.

असा वास त्यांच्या हाना प्रांतात जन्मलेल्या माणसाला डोळे बांधूनही ओळखू येतो. त्वारूश्की! पिवळं, चिकट, कुजकट वासाचं त्यांचं लाडकं चीज. ते फ्रिजमध्ये ठेवायला इवेताने घरात बंदी घातली होती, त्यामुळे म्हाताऱ्याचं पुडकं बारा महिने बाल्कनीत असायचं. पण अस्तर लावणाऱ्यांनी सप्टेंबरातच बाल्कनी प्लास्टिकने झाकून बंद करून टाकली होती. आता ते पुडकं, कागदात गुंडाळलेलं, अर्धं खाल्लेलं, मोठ्या पिंपाच्या मागे टेकवून ठेवलं होतं. शेजारी छोटा चाकू.

इवेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने थोडी बिअर पेल्यात काढली. रंग मधाचा, आरपार. पहिला घोट घेतला आणि तिला ओरडावंसं वाटलं, इतका तो चांगला होता. ताज्या पावाची चव, मग स्वच्छ कडवटपणा. आणि मग, अगदी शेवटी, घशाच्या मागे तो वास. थोडासाच. दार उघडून लावलं की कपाट थोडं तापून पुन्हा गार होतं, आणि गार होताना पिंपातली हवा आकसून नळीतूनही बाहेरची हवा आत ओढून घेते. तिच्या बिअरने अंशाअंशाने तेच पुडकं हुंगलं होतं.

ती मटकन खाली बसली. जिथे बसली तिथे, बाहेरून न दिसणाऱ्या कोपऱ्यात, उलटा ठेवलेला बटाट्यांचा खोका होता, आणि त्याच्यावर तिच्याच सोफ्याची उशी. उशीत खोलगट खळगा पडला होता. खोका कपाटाच्या इतका जवळ होता की बसल्या बसल्या पिंपाला कान लावता येत होता.

तेव्हा तिला कळलं की म्हातारा रोज इथे येऊन बसतो. डबा खातो आणि बिअरपाशी बसतो. ती रागाने रडत होती आणि त्याच वेळी तिला इतका आनंद झाला होता की कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

"त्यांना सांग तरी," दालिबोर रात्री म्हणाला.

"ऐंशीव्या वाढदिवशी? मुळीच नाही. मूग गिळून बसायचं आणि पेले भरायचे."

शनिवारी चौदा माणसं आली. टेबलावर डुकराचं भाजलेलं मांस, पाव, कांदा, आणि हानामध्ये वाढदिवस म्हटल्यावर ढीगभर त्वारूश्की. खोलीत एकच वास भरला होता, त्यात बिअरचा वेगळा वास कोणाला येणार? पाहुण्यांनी पेले उचलले आणि कौतुकाचा गलका झाला. "कारखान्यासारखी!" "छे, त्याहून बरी!" शेस्ताकांनी तर तिसरा पेला मागून कमिटीतर्फे अभिनंदन केलं.

इवेताचं लक्ष एका पेल्याकडेच होतं. म्हाताऱ्याने तो खिडकीकडे धरला. फेस बघितला. मग अकरा वर्षांनी ओठांना लावला. एक घोट. डोळे मिटून दुसरा. आणि पेला खाली ठेवून तो उभा राहिला.

"बिअर नासलीय," तो म्हणाला.

"बाबा, आजच्या दिवशी तरी..." दालिबोर म्हणाला.

"तू गप बस. तुला यातलं काय कळतं? आणि हे सगळे," त्याने पाहुण्यांकडे हात केला, "यांना तर काहीच कळत नाही. बिअर पहिल्या नंबरची होती. मी आंबताना ऐकत होतो तिला. नासवली ती मी. तिच्यापाशी चीज ठेवलं. मी!" त्याचे कान लाल झाले होते. "माझ्या तळघरात डबा आणला म्हणून दोन माणसांना मी हाकललंय. आणि म्हातारपणी मीच..."

तो इवेताकडे वळला. "तुला माहीत होतं."

"गुरुवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"वाढदिवस होता तुमचा."

"वाढदिवस!" तो गरजला. इतक्या मोठ्या आवाजात तो त्या घरात आजवर बोलला नव्हता. "तळघरात चूक झाली तर तळघराचा मास्तर बोलतो, मग समोर बाप असो नाहीतर बिशप. ते तळघर कोणाचं आहे?"

"माझं."

"मग बोल!"

इवेता उठली. आधी तिचा आवाज चिरकला, मग चारशे पोरांना ओळीत उभं करणारा आवाज घशातून बाहेर पडला. "लाज नाही वाटत? साल ठेवू नका म्हणून शेस्ताकांना मी हाकललं, आणि घरातलाच माणूस चोर निघाला! सहा आठवडे मी दाराला हात लावला नाही, आणि तुम्ही रोज उघडत होता? अडतीस वर्षं काय केलंत तिथे, झोपा काढल्यात? पुन्हा त्या खोलीत पावाचा तुकडा जरी दिसला, तर किल्ली काढून घेईन, सांगून ठेवते! सोमवारी सकाळी सहाला नवीन बिअर शिजवायची आहे. हात कोपरापर्यंत धुऊन या!"

म्हातारा नव्याने लागलेल्या नोकरासारखा मान खाली घालून ऐकत होता. कोणी हसलं नाही. दालिबोर आपल्या बापाकडे असा बघत होता, जणू तो आत्ताच कुठून तरी प्रवासाहून घरी पोचला होता.

बोहुमीरने पेला उचलला, उरली होती तेवढी सगळी पिऊन टाकली आणि मिशीवरचा फेस पुसला.

"साडेपाचला," तो म्हणाला. "पाणी तापायला वेळ लागतो, मास्तर."