भावजींचं पथ्य

वहिनीचा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा दिराने त्याचं दूध बंद केलं होतं. “मरणाऱ्याच्या पोटात कशाला घालायचं?” असं तो तिच्या तोंडावर बोलला होता. वहिनीने ते गिळलं, पण तिला पचलं मात्र नाही.

पुढे दिराचं पित्ताशय काढलं. डॉक्टरांनी तिला बजावलं, “पित्त साठवणारी पिशवीच गेलीय. तळलेलं, तुपकट एवढ्यात पचायचं नाही.”

घरी आल्यावर तिने लोण्यात तळलेलं मटण त्याच्यापुढे ठेवलं.

“हे चालेल ना मला?”

“खा हो भावजी, अंगात ताकद यायला हवी.”

त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं. संध्याकाळी पोट धरून तो संडासाकडे धावला.

“वहिनी, पाणी!” तो आतून कळवळला.

वहिनीने आपलं ताट वाढून घेतलं. कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.