बाकावरच्या जोडीदाराने सांगायचं

त्यांच्या वर्गाची रीतच होती: शाळासोबत्यांच्या मेळाव्यात आपलं आपण सांगायचं नाही. कोण काय काम करतो, घरी कोण कोण, हे बाकावरच्या जुन्या जोडीदाराने उठून सांगायचं.

म्हणूनच लंबूचा जीव टांगणीला लागला होता. छापखान्यातली नोकरी जाऊन दोन महिने झाले, तरी शेजारी बसलेल्या बायकोला त्याने पत्ता लागू दिला नव्हता. ठाऊक होतं ते फक्त त्याच्या जोडीदाराला, गोट्याला. चिमुकल्या बाकाखाली लंबूचे गुडघे मावत नव्हते आणि पाय काही केल्या थांबत नव्हता.

"अहो, पाय आवरा," बायको पुटपुटली. "सगळा बाक नाचतोय."

"सांभाळून घे रे," तो गोट्याच्या कानाशी लागला.

"दातांचा डॉक्टर आहे मी. दुखू देत नाही," म्हणत गोट्या उठला. "हा आमचा लंबू! अख्खा छापखाना ह्याच्या जिवावर चालतो. लेक कॉलेजात, आणि ह्या आमच्या वहिनी!"

टाळ्या पडल्या. बायकोचा चेहरा असा फुलला, की लंबूला तो बघवेना. तो धडपडत उठला.

"मला काढलंय छापखान्यातून," तो तिच्याकडेच बघत म्हणाला. "दोन महिने झाले. तुला सांगायला जीभ रेटेना."

 तिचे डोळे भरून आले, पण तिने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"मग रोजचा डबा कुठे खात होतात?"

"बागेत."

"एकटेच?" ती म्हणाली, आणि बाही काही तिने सोडली नाही.