सुमतीबाईंचा ‘हं’

या, पुढं सरकून बसा. मागं बसलेल्याला कथा अर्धीच पोचते. आज कुठलं मोठं आख्यान लावत नाही; एका ‘हं’ची गोष्ट सांगते. एवढासा उच्चार, पण त्याच्यावाचून एका माणसाचं घर मुकं झालं.

डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारी अण्णा राहतात. कीर्तनकार. कीर्तनात समोरच्यानं हुंकार द्यायचा असतो, तुम्हाला ठाऊकच आहे. ‘ऐकतेय, पुढं सांगा’ एवढाच त्याचा अर्थ. पण तो नसला की सांगणाऱ्याची जीभ अडखळते. अण्णांना हुंकार द्यायच्या त्यांच्या पत्नी, सुमतीबाई.

तरुणपणी अण्णांना मुंबईच्या रेडिओवर बोलावणं आलं. काचेची बंद खोली, समोर श्रोता कुणी नाही. दोन वाक्यांत अण्णा थांबले. “माझ्या मंडळींना आत घ्या,” म्हणाले. सुमतीबाई आत येऊन बसल्या आणि कथा वाहू लागली. तिकडून ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ वैतागले, “बाई, सर्दी झालीय का तुम्हाला?”

“सर्दी नव्हे हो, संसार आहे,” अण्णा म्हणाले.

शेवटी बाईंना माईकपासून लांब, भिंतीशी बसवलं. तरी त्यांचा ‘हं’ बारीक उमटलाच. ते कीर्तन रेडिओवर लागलं तेव्हा शेजाऱ्यांनी कॅसेटवर उतरवून घेतलं. सुमतीबाई गेल्या, तेव्हा घरात त्यांचे फोटो पुष्कळ होते. आवाज तेवढ्या एका कॅसेटवर होता. अण्णा ती जपून वाजवत. रोज लावली तर झिजेल म्हणून फक्त एकादशीला.

त्यांची नात नीरजा ठाण्याला वर्तकनगरात पॉडकास्ट करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत काम करते. गुणी पोर. एके दिवशी म्हणाली, “अण्णा, रेडिओ आता कोण लावतं? पण गोष्टी ऐकतात रे सगळे, जिममध्ये, रिक्षात. मला कॅसेट दे ना. आजीही कायमची राहील.”

“आणि कथेआधीचा पूर्वरंग ऐकतील का गं तुझे लोक?”

“स्किप करतील. काही जण तर दीडपट स्पीडनं ऐकतात.”

“देवाला सांग बाई, जरा धावत ये म्हणून!” अण्णा हसले, आणि कॅसेट रुमालात बांधून दिली.

कॅसेट जुनी, आत बुरशी. स्टुडिओत एकदाच नीट फिरली, आवाज कंप्युटरवर उतरला, आणि बाहेर काढताना फीत आत गुंतून जागोजागी तुटली. नीरजा घाबरली, पण उतरलंय ना, म्हणून सावरली. मग नेहमीच्या सवयीनं तिनं आवाज साफ करायला लावला. यंत्रानं खरखर काढली, पंख्याचा आवाज काढला, बोलण्यामधल्या मोकळ्या जागा कापल्या. आणि ते तिनं त्याच फाईलवर सेव्ह केलं. मूळ प्रत राहिलीच नाही.

पॉडकास्ट चालला हो! बारावीची मुलं ऐकायला लागली. कुणी लिहिलं, ‘आजोबा एकदम क्लिअर.’ नीरजा नाचतच डोंबिवलीला आली, अण्णांच्या कानाला इअरफोन लावले. मीही तिथंच होते.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. “नीरे, ही कुठंय?”

“कोण?”

“अगं, तुझी आजी.”

पोरीचा चेहरा पांढरा पडला. “अण्णा… यंत्राला तो नॉइज वाटला असेल. मी लक्षच नाही दिलं रे.” आणि ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

अण्णा तिला रागावले नाहीत. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. “भिंतीशी बसवली होती ना,” एवढंच म्हणाले. “लांबच होती.”

पुढच्या एकादशीला नीरजा लॅपटॉप घेऊन आली. “आजी नाही आणता येणार. पण तिच्या ‘हं’च्या मोकळ्या जागा परत ठेवू या. तू सांग, कुठं.”

मग ते दोघं बसले. कथा होती देवळात सगळ्यात शेवटी पोचलेल्या म्हातारीची. अण्णा बोट वर करायचे. “इथं. छोटा. इथंही.” देव विचारतो, ‘सगळे गेले, तू कुणासाठी थांबलीस?’ त्या वाक्यापाशी अण्णांचं बोट वर गेलं ते खाली येईना. “इथं जास्त ठेव. इथं ती डोळे पुसायची, मग हं म्हणायची.”

तसाच नवा पॉडकास्ट लागला. लोक कुरकुरले. ‘नेट अडकतंय.’ ‘मध्येच बंद पडतं.’ स्टुडिओतला साकेत म्हणाला, “अगं, ऐकणारे निम्मे झाले, गॅप काढ ना!” नीरजानं त्या जागा काढल्या नाहीत.

अण्णा अजून एकादशीलाच लावतात. आमच्या दारापर्यंत त्यांचाच तरुण आवाज येतो, थांबतो, आणि त्या रिकाम्या जागेत म्हातारे अण्णा हळूच म्हणतात, “हं.” तिच्यासारखा जमत नाही त्यांना. ऐकवत नाही मला, मी पदर तोंडाशी धरते.

तर बाबांनो, एक मागणं. तुमच्या फोनवर ती म्हातारीची कथा कधी लागली आणि मध्येच सगळं शांत झालं, तर फोन झटकू नका, पुढं ढकलू नका. तिथं भिंतीशी एक बाई बसलेली आहे. तिची आठवण काढा, आणि तिच्या वतीनं एकदा ‘हं’ म्हणा.