तेल दुसऱ्यांदा परत आलं

तेल दुसऱ्यांदा परत आलं, त्या दिवसापासून लॉर्ना ट्रेगेन्झा इलियाच्या डब्यावर नजर ठेवू लागली.

पोर्ट केल्लाकचा कारखाना तसा छोटाच. गावाने धुऊन दिलेल्या पावाच्या, वेफर्सच्या, गोठवलेल्या मटारच्या पिशव्या बंद भट्टीत तापवायच्या, त्यांचं तेल करायचं आणि मोठ्या कारखान्याला पाठवायचं. तिथे त्याचं पुन्हा नवं प्लॅस्टिक होतं. पण तेलात क्लोरीन आलं की ते पोलादी नळ्या कुरतडतं, आणि मग टाकीच्या टाकी परत येते. क्लोरीन म्हटलं की पहिलं नाव पीव्हीसीचं. म्हणून पाइपचा तुकडासुद्धा भट्टीत जाऊ द्यायचा नाही, हा निवडीच्या टेबलावरचा धर्म. त्या टेबलाची मुकादम लॉर्ना. चार वर्षांत आपल्या नजरेतून साधं बटण सुटलेलं नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

मग पीव्हीसी आत टाकलं कोणी? टेबलावर नवा माणूस एकच, इलिया राडोनिच. तीन महिन्यांपूर्वी आलेला, आणि त्याआधी वीस वर्षं प्लंबर. भावाचं तर अजूनही पाइपांचं दुकान होतं. संशयाला आणखी काय खायला घालायचं असतं!

शिवाय त्याच्या सवयी. चहाच्या सुट्टीत एकटा बसायचा. कामात मध्येच एखादी पिशवी उजेडात धरायचा, बोटाने चोळायचा. पहिल्याच आठवड्यात तो अशीच एक पिशवी घेऊन तिच्याकडे आला होता.

"लॉर्ना, जरा बघ ना, या पिशव्यांवर काहीतरी..."

"इलिया, इथे हात चालवायचे, तोंड नाही. पट्टा तुझ्यासाठी थांबत नाही."

तेव्हापासून तो गप्पच. आता लॉर्नाला ते गप्प राहणंही खटकायला लागलं.

गुरुवारी फाटकावर तिने सगळ्यांसमोर त्याची डब्याची पिशवी उघडायला लावली. पाव, भाजलेल्या मिरच्या आणि तळाशी करड्या पाइपचा बोटभर सांधा.

"हे काय आहे?"

"बायकोच्या टोमॅटोच्या वाफ्यातला सांधा. फुटलाय. भावाकडून बदलून घ्यायचाय."

"आणि तो इथे घेऊन आलास? इथे?"

इलिया हसला. "अगं, एवढ्याशा तुकड्याने दोन टाक्या तेल नासवायला मी काय जादूगार आहे?"

त्याचं म्हणणं खरं होतं. पण चारचौघांत तो हसला, ते तिला झोंबलं.

शुक्रवारी मॅनेजर डार्सीने तिला विचारलं, "बघ बाई, खात्री आहे ना? तू म्हणशील तसं करतो."

"आहे खात्री," लॉर्ना म्हणाली.

दुपारच्या आत इलियाला घरी पाठवलं. जाताना त्याने हातमोजे नीट घडी घालून टेबलावर ठेवले.

शनिवारी सकाळी लॉर्ना अंगणातल्या दोरीवरच्या पिशव्या काढत होती. या उन्हाळ्यात गावातल्या पावसाच्या पाण्याच्या टाक्या तळाला गेल्या, तेव्हा बायकांच्या सभेत तीच उठून म्हणाली होती, "प्यायचं पाणी पिशव्यांवर कशाला घालवायचं? समुद्र दाराशी आहे की!" टाळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून अख्खं गाव धक्क्यावर बादल्या घेऊन जायचं, खाऱ्या पाण्यात पिशव्या खळबळून घरी चिमट्यांनी टांगायचं. आपल्या अकलेचं तिला केवढं कौतुक!

पावाची एक पिशवी तिने झटकली, तशी काळ्या स्कर्टवर पांढरी भुकटी पडली. तिने पिशवी उजेडात धरली, बोटाने चोळली. अगदी इलियासारखी. बोट जिभेला लावलं.

मीठ.

आणि मिठात क्लोरीन. हे ती शाळेच्या सहलींना दर महिन्याला पाठ म्हणून दाखवायची. ती सभा कधी झाली? इलिया कामाला लागला त्याच आठवड्यात. लॉर्ना पायरीवर बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण, तर आपणच.

तिने आधी डार्सीला फोन केला. मग ती पिशवी खांद्यावरच्या झोळीत टाकून इलियाच्या घरी गेली. तो अंगणात बादलीपाशी बसून प्लॅस्टिक धूत होता.

"गोड्या पाण्यात?" तिने विचारलं.

"आंघोळीचं राखून ठेवतो. खाऱ्या पाण्याने नळ सडतात, वीस वर्षं तेच तर बघितलं. भट्टी कशी वाचेल?"

"मग बोलला का नाहीस?"

इलियाने तिच्याकडे बघितलं. "बोलायलाच आलो होतो की."

लॉर्नाला मान वर करवेना. "डार्सीला सगळं सांगितलंय. चूक माझी. तुझं काम गेलेलं नाही. सोमवारी येशील?"

त्याने पिशवी दोरीवर टांगली, चिमटा लावला, दुसराही लावला.

"येईन. पण फाटकावर पिशव्या उघडायच्या असतील तर दोघांच्याही. आणि आधी तुझी."

लॉर्नाने सोमवारची वाट पाहिली नाही. तिथेच झोळी खांद्यावरून उतरवली आणि त्याच्यासमोर उघडून धरली. वरच ती पावाची पिशवी होती, मिठाने पांढरी झालेली.