बॅटरीच्या मेणबत्त्या

कंपनीने बाबांसाठी ठेवलेल्या शोकसभेत मेणबत्त्या बॅटरीच्या होत्या. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या, टोकाला पिवळा दिवा लुकलुकणाऱ्या. फोटोसमोर ओळीने मांडलेल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अंबडमधला तो रंगाचा कारखाना. गेटवरच काडेपेट्या काढून घेतात. आणि बाबांनी तिथे अर्धं आयुष्य आग हेरणाऱ्या डिटेक्टरांची देखभाल करण्यात घालवलं होतं.

दर बुधवारी ते हे काम करत. आधी डिटेक्टरची काच पुसायची, मग टॉर्चसारखा दिसणारा टेस्ट लॅम्प त्याच्यावर धरायचा. त्या झोतात डिटेक्टरला ज्वाळा दिसते आणि बेल वाजते. वाजली की तो डिटेक्टर चांगला, पुढच्याकडे चला. संध्याकाळी मी कॉलेजमधून आले की विचारायचे, "काय बाबा, वाजली का?" "सगळ्या वाजल्या," ते म्हणायचे. आम्ही दोघंच होतो घरात. रोज बोलायला विषय लागतात. हा बुधवारचा होता.

सभा लोडिंग शेडमध्ये होती. माल आदल्या दिवशीच गेलेला, शेड रिकामी, मधे लाल खुर्च्या. थिनरचा वास होता. बाबांच्या कपड्यांना यायचा तोच. घरात तो आता येत नाही, कारण त्यांचा शेवटचा शर्ट मी धुऊन टाकला होता. मी खोल श्वास घेतला आणि पहिल्या रांगेत आत्याशेजारी बसले.

वत्सलाआत्या ओझरहून आली होती, पांढऱ्या साडीत. तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्या कानाशी आली.

"सुवर्णे, त्या मेणबत्त्या सेलवरच्या हायेत का गं?"

"इथे आग चालत नाही, आत्या."

"आग कुठं म्हणते मी? मेणबत्ती म्हणते. माझा भाऊ काय जत्रेतलं खेळणं हाय?"

"आत्या, हळू."

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. मी समजले, पटलं तिला.

झुंबरकाकांनी त्रिसरण सुरू केलं. हे बाबांच्या हाताखालचे, मेन्टेनन्समधले. आवाज मोठा, पण त्या दिवशी मधेच फुटत होता. सगळे हात जोडून उभे होते. पंचशील झाल्यावर आत्या फूल वाहायला पुढे गेली, पाठमोरी वाकली, आणि मला काडी ओढल्याचा आवाज आला. बायकांच्या पर्सा गेटवर कोणी उघडून बघत नाही. तिने घरून खरी मेणबत्ती आणली होती.

ज्योत लागली तसं कोणीही फोटोकडे बघेना. सगळ्यांच्या माना वर गेल्या. फोटोच्या मागच्याच खांबावर, शिडीशिवाय हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, डिटेक्टर होता. बाबा सांगायचे, जवळून साधा लायटर पेटवला तरी हे बोंब मारतं. आम्ही सगळे बोंब ऐकायला थांबलो.

काहीच झालं नाही. मेणबत्ती शांतपणे जळत राहिली.

सेफ्टी ऑफिसर अश्विन सर धावले आणि त्यांनी ज्योत चिमटीत विझवली. चेहरा पांढरा पडला होता. "मावशी, अहो, काय हे!"

"विझवलीस?" आत्या म्हणाली. "मेलेल्या माणसाची मेणबत्ती विझवतोस रे मुडद्या?"

त्यावर कोणी हसलंही नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "वाजली कशी नाही?" आणि दुसरा हळूच, पण रिकाम्या शेडमध्ये हळू काही राहत नाही, "लहानूभाऊ कुठे वर चढायचे हल्ली? दम लागायचा त्यांना."

ते खरं होतं. आमच्या जिन्यात बाबा मधल्या कठड्याला टेकून उभे राहायचे. पावलं थांबलेली मला घरात ऐकू यायची. तरीही बुधवारी तेच उत्तर. सगळ्या वाजल्या. शिडी कशी चढत असतील हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही, पण बाबा खोटं बोलत नसत, म्हणून मी तो पुढे नेला नाही. आता साठ-सत्तर माणसं तो डिटेक्टर बघत होती. उद्या चहाच्या वेळी बोलणं होणार होतं, की लहानू शेवटी शेवटी नुसताच फिरून यायचा. आणि तसं असेल तर माझ्या सगळ्या बुधवारच्या संध्याकाळी खोट्या ठरल्या.

"सर," मी म्हणाले, "हा आत्ता तपासता येईल?"

"आज कशाला, ताई? आजचा दिवस तसा नाही. कोणाची तक्रार नाहीये."

"मला बघायचंय."

अश्विन सरांनी मागे पाहिलं. झुंबरकाका पुढे आले.

"मी चढतो सर. पण शिडी धरायला माणूस द्या. आत्ता तरी द्या."

"म्हणजे?" मी विचारलं.

ते माझ्याकडे वळले. "ताई, दिवाळीपासून वर मीच चढतोय. भाऊ खाली असायचे. शिडी धरायचे आणि वर बघून शिव्या घालायचे. झुंबऱ्या, काच पुसतोस का तिचा गाल कुरवाळतोस?"

आता लोक हसले. आत्यासुद्धा.

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी. सुट्टी नाही, काही नाही. ते गेल्यापासूनचे तीन बुधवार मात्र मी चढलो नाही. खाली माणूस नसेल तर वर जायचं नाही, असा त्यांनीच घालून दिलेला नियम. मी माणूस मागितला. दोनदा मागितला."

"भरतीचं पत्र हेड ऑफिसला पाठवलंय," अश्विन सर बुटांकडे बघत म्हणाले.

मला झुंबरकाकांवर विश्वास ठेवायचा होता. पण भला माणूस शोकसभेत मेलेल्याच्या मुलीला असंच काहीतरी सांगेल, हेही मला कळत होतं.

"मी धरते," मी म्हणाले.

अश्विन सरांनी कंट्रोल रूमला फोन लावून टेस्ट असल्याचं कळवलं, नाहीतर पाण्याचे पंप सुरू झाले असते. ॲल्युमिनियमची शिडी खांबाला लागली. मी दोन्ही दांडे घट्ट धरले. झुंबरकाका वर गेले. त्यांनी फडकं फिरवलं आणि माझ्या मनगटांवर, पांढऱ्या ओढणीवर तांबडी भुकटी पडली. रंगात घालतात ती. काचेवर तिचा थर बसला होता, पण ताजा, फडक्याला सहज निघणारा. त्यांनी फडकं दुमडलं, परत पुसलं. मग लॅम्प धरला.

बेल इतकी मोठी असते हे मला माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. दातांत जाणवत होती.

टेस्ट असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सवयीने माणसं उठली आणि रांगेने मैदानाकडे चालू लागली. कोणीतरी आत्याच्या दंडाला धरलं. ती मागे वळून मला काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. बघता बघता शेड रिकामी झाली. मी हात सोडू शकत नव्हते, वर माणूस होता. रिकाम्या खुर्च्या, फोटो, आणि तो आवाज.

मला वाटलं होतं, वाजली की बरं वाटेल. वाटलंही, क्षणभर. मग लक्षात आलं की आता बाबांना विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. शंका होती तोवर निदान त्यांच्याशी भांडण तरी चालू होतं.

बेल बंद झाली. झुंबरकाका उतरले. अश्विन सर दारातून म्हणाले, "ताई, लोकांना परत बोलावू ना? साहेबांचं भाषण राहिलंय."

"या शेडमधले बाकीचे डिटेक्टर?" मी झुंबरकाकांना विचारलं.

"तेही तसेच, न पुसलेले. सगळे."

"मग सर, त्यांना जरा बाहेरच थांबू द्या."

अश्विन सरांनी बाहेरच्यांना थांबायची खूण केली. त्यांनी परत फोन काढला. झुंबरकाकांनी शिडीचं पुढचं टोक उचललं, मागचं मी. दिसत होती त्याहून ती जड होती, आणि ते भराभर चालत होते.